सायकल, बीएमएक्स : भागांची निवड व टिकाऊपणा

बीएमएक्स सायकल : उड्या, कसरती व आखूड पल्ल्याच्या शर्यती यांसाठी बनविलेली, २० इंची चाकांची, बुटक्या सांगाड्याची आणि एकाच दंतगुणोत्तराची सायकल. ‘बायसिकल मोटोक्रॉस’ या नावातील आद्याक्षरे घेऊन व ‘क्रॉस’ या शब्दाऐवजी फुलीच्या आकाराचे अक्षर योजून तिचे नाव तयार झाले आहे. शर्यतीची, मातीच्या उंचवट्यांवरील उड्यांची, बांधीव उतरणींच्या क्रीडोद्यानातील, सपाट फरशीवर तोल साधण्याची व रस्त्यावरील असे तिच्या वापराचे मुख्य प्रकार आहेत. यांपैकी रस्त्यावरील प्रकारात पायऱ्या, पदपथांच्या कडा, चौथरे व लोखंडी दांडे यांचाच कसरतीचे साधन म्हणून उपयोग करतात. येथे उडीनंतर सायकल उतरत्या पृष्ठावर न येता बहुधा सपाट व कठीण जमिनीवर येते. त्यामुळे सायकलीवर पडणारे आघात विशेष तीव्र असतात व भागांच्या टिकाऊपणाचा प्रश्न थेट स्वाराच्या सुरक्षिततेशी निगडित होतो. प्रस्तुत नोंदीत या प्रश्नाचा विचार पुणे शहरातील रस्ते, हवामान व सायकलदुरुस्तीच्या सोयी ध्यानात घेऊन केला आहे.

इतिहास : अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात १९७० च्या सुमारास मुले मोटोक्रॉस या मोटारसायकल-शर्यतींचे अनुकरण आपल्या लहान सायकलींवर करू लागली. १९६३ मध्ये बाजारात आलेली श्विन कंपनीची ‘स्टिंग-रे’ ही सायकल त्यासाठी विशेष पसंत केली जाई. ऑन एनी संडे (१९७१) या मोटारसायकलविषयक माहितीपटाच्या प्रारंभीच्या दृश्यांमुळे या खेळाचा मोठा प्रसार झाला. मुलांच्या साध्या वापरासाठी बनविलेले पुढील चिमटे, हँडल व चाके उड्यांच्या आघातांनी वाकत आणि मोडत. या मोडतोडीतूनच मिश्रपोलादाच्या नळ्यांचे सांगाडे, तीन भागांची पायटा-रचना व मजबूत चाके यांचा विकास झाला. आंतरराष्ट्रीय बीएमएक्स संघटना १९८१ मध्ये स्थापन झाली आणि १९८२ मध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. १९९३ पासून हा खेळ आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाच्या कक्षेत आला. बीजिंग ऑलिंपिकमध्ये (२००८) बीएमएक्स शर्यतींचा आणि टोकिओ ऑलिंपिकमध्ये (२०२०, प्रत्यक्षात २०२१) क्रीडोद्यानातील कसरतींचा प्रथम समावेश झाला.

पुणे व सायकल : पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. विद्यार्थी, कामगार, कारकून, दूधवाले व वर्तमानपत्र विक्रेते यांचे ते मुख्य वाहन होते आणि तासावर भाड्याने सायकली देणारी दुकाने पेठापेठांतून आढळत. आकुर्डी येथे होणारे स्कूटरचे उत्पादन, १९७२ मध्ये बाजारात आलेली लूना ही पुण्याच्याच उद्योगसमूहाची छोटी स्वयंचलित दुचाकी आणि शहराचा विस्तार यांमुळे सायकलींचे प्रमाण पुढे घटत गेले. बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाच्या परिसरात सायकली व त्यांचे सुटे भाग यांचा जुना बाजार आहे. कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायकल-संग्रहालयात अनेक दशकांपूर्वीच्या सायकली जतन केलेल्या आहेत.

ही जुनी काळी सायकल टिकाऊपणाचा एक आदर्श मानली जाते. तिचे स्वरूप प्रथम समजून घेणे बीएमएक्स सायकलीचे भाग निवडताना उपयोगी पडते. तिच्या पुढील चाकास ३२ व मागील चाकास ४० आरे असतात, कारण भाराचा मोठा हिस्सा मागील चाकावर येतो. तिचा सांगाडा लांब, पुढील चिमटा बाकदार व बैठक स्प्रिंगयुक्त असल्याने खड्ड्यांचा धक्का विभागला जातो. भारवाहू सायकलींना दुहेरी दांडी व चिमट्याला आधारसळया जोडलेल्या आढळतात. परंतु ही सर्व रचना मंद गतीने वाहिलेल्या स्थिर भारासाठी आहे. दुधाच्या किटल्यांसह शंभर किग्रॅ.हून अधिक ओझे वर्षानुवर्षे पेलणाऱ्या सायकलीचा चिमटा एक मीटर उंचीवरून मारलेल्या काही उड्यांतच वाकू शकतो. जाड व जड भाग म्हणजे टिकाऊ भाग हा समज म्हणूनच पुरेसा नाही. बल कोणत्या दिशेने, किती वेळा व कोणत्या जोडातून जाते, यावर टिकाऊपणा ठरतो.

पुण्यातील परिस्थिती : शहर समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर, दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसले आहे. त्याच खडकाच्या खडीची कठीण व खरखरीत धूळ कोरड्या महिन्यांत साखळी व धारव्यांत शिरते. वर्षाचा सु. ७० सेंमी. पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात पडतो. काँक्रीटचे रस्ते, सिमेंटच्या ठोकळ्यांचे पदपथ, भूमिगत गटारांची वरखाली बसलेली झाकणे व गतिरोधक ही येथील रस्त्यांची नेहमीची लक्षणे आहेत. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गोलाकार गतिरोधक १० सेंमी. उंच व ३·७ मी. रुंद असावा आणि पदपथाच्या कडेची उंची १५ सेंमी.हून अधिक नसावी. प्रत्यक्षात यांहून अरुंद गतिरोधक व उंच कडा सर्रास आढळतात. अशा काटकोनी कडेवर चाक आदळले असता धाव दबते, ट्यूब टायर आणि धाव यांच्यात चिमटली जाते व पंक्चर होते.

बल व शिणवटा : स्वार व सायकल यांचे एकत्रित वस्तुमान ७० किग्रॅ. धरल्यास त्यांचे वजन सु. ६८६ न्यूटन होते. एक मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर उतरताना गुडघे व कोपरे ताठ ठेवल्याने ही गती केवळ १० सेंमी. अंतरात थांबली, तर सरासरी बल सु. ७,५०० न्यूटन, म्हणजे वजनाच्या ११ पट येते. स्वाराने पाय व हात लवचिक ठेवून तीच गती ४० सेंमी. अंतरात जिरविली, तर बल सु. २,४०० न्यूटन, म्हणजे वजनाच्या साडेतीन पट एवढेच राहते. स्वाराचे कौशल्य हा भागांच्या आयुष्यातील एक प्रमुख घटक कसा असतो, हे यावरून दिसते. नवशिक्याच्या सायकलीचे भाग त्यामुळेच अधिक लवकर मोडतात.

एका आघाताने भाग तुटला नाही, तरी पुनःपुन्हा येणाऱ्या प्रतिबलांमुळे धातूत सूक्ष्म तडा उत्पन्न होतो, तो हळूहळू वाढतो व अखेर उरलेला छेद एकाएकी तुटतो. या क्रियेस शिणवटा म्हणतात. जर्मन अभियंते आउगुस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून तिचा पद्धतशीर अभ्यास केला. पोलादाच्या बाबतीत प्रतिबल एका ठरावीक मर्यादेखाली राहिल्यास फार मोठ्या संख्येने आवर्तने होऊनही भाग तुटत नाही. ही मर्यादा साधारणपणे अंतिम ताणबलाच्या निम्मी असते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नसते. लहान प्रतिबलही पुरेशा वेळा आल्यास त्यांना शिणवटा येतो. तडे बहुधा वितळजोडाच्या कडेला, छिद्रापाशी, आट्यांच्या मुळाशी किंवा छेद एकदम बदलतो तेथे सुरू होतात. [⟶ धातुविज्ञान].

धातूंची निवड : सांगाडा, चिमटा, हँडल व पायटे यांसाठी क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलाद (वर्गांक ४१३०) सर्वांत योग्य ठरले आहे. यात कार्बन सु. ०·३ टक्के, क्रोमियम सु. १ टक्का व मॉलिब्डेनम सु. ०·२ टक्के असते. प्रसामान्यित अवस्थेत त्याचे अंतिम ताणबल सु. ६७० न्यूटन प्रती चौ. मिमी. असते. स्वस्त सायकलींवर ‘हाय-टेन’ अशी अक्षरे असतात. हे नाव मोठे असले, तरी प्रत्यक्षात ते साधे कार्बनी पोलाद असते व त्याचे बल बरेच कमी असते. दोन्ही पोलादांची घनता व स्थितिस्थापकता जवळजवळ सारखीच असल्याने हाताळून, लोहचुंबक लावून किंवा वाकवून पाहून त्यांतील फरक कळत नाही. फरक कळतो तो भाग वाकल्यावर. यासाठी उत्पादकाचे लेखी वर्णन नीट वाचणे आवश्यक असते. ‘क्रोमॉली’ अशी केवळ पट्टी चिकटविलेल्या सांगाड्यात पुष्कळदा एकच खालची नळी किंवा पुढील तीन नळ्याच मिश्रपोलादाच्या असतात आणि मागील त्रिकोण साध्या पोलादाचा असतो. रस्त्यावरील वापरासाठी सर्व नळ्या मिश्रपोलादाच्या असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा. चकचकीत क्रोम मुलामा हे बलाचे लक्षण नव्हे. उच्चबल पोलादाला मुलामा देताना त्यात हायड्रोजन शिरतो व नंतर योग्य रीतीने तापवून तो काढला नाही, तर धातू ठिसूळ होतो.

नळीचे वाकणास होणारे बल जाडीपेक्षा व्यासावर अधिक अवलंबून असते. पातळ नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केल्यास वजन दुप्पट, परंतु वाकणबल चौपट होते. म्हणून चांगल्या सांगाड्याच्या नळ्या रुंद व मध्यभागी पातळ असतात आणि जोडांजवळ त्यांच्या भिंती जाड ठेवलेल्या असतात.

सांगाडा व चिमटा : सांगाड्यात सर्वाधिक प्रतिबल शीर्षनळी व खालची नळी यांच्या जोडाखाली येते. या ठिकाणी पट्टी जोडलेली असल्यास तिची टोके निमुळती असावीत. चौकोनी टोकापाशी प्रतिबल एकवटते. वितळजोडाची रेषा सलग, एकसारख्या लाटांची व खाचविरहित असावी. मागील आस बसण्याच्या खाचेच्या पट्ट्या सु. ६ मिमी. किंवा अधिक जाड असाव्यात.

पुढील चिमटा हा निवडीच्या क्रमात पहिला भाग होय. तो मोडल्यास स्वार तोंडावर पडतो व सावरण्यास वेळ मिळत नाही. चिमट्याचे दोन पाय व शीर्षनळीतून जाणारी त्याची नळी हे सर्व मिश्रपोलादाचे असावे आणि ती नळी मुळाशी जाड असावी. आटे पाडलेल्या नळीत पाचर आवळून हँडल बसविण्याची जुनी पद्धत आपल्याकडील अनेक मुलांच्या सायकलींत आढळते. तीत आट्यांमुळे नळी कमकुवत होते व धक्क्याने हँडल फिरते. बिनआट्यांच्या २८·६ मिमी. व्यासाच्या नळीला बाहेरून आवळणारी नवी पद्धत या कामास योग्य होय.

हँडल व त्याची पकड : हँडल एकाच जाडीच्या नळीचे नसून पकडीपाशी जाड असावे, तसेच वितळजोडानंतर त्यावर उष्णतासंस्करण केलेले असावे. आडव्या दांडीचे जोड व पकडीची कड या जागा वेळोवेळी पाहाव्यात. पकड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असली तरी चालते, कारण तिचा छेद भरीव असतो. तिचे पुढील चारही स्क्रू आळीपाळीने व सारखेच आवळावेत. एका बाजूची फट बुजून दुसरीकडची मोठी राहिल्यास स्क्रूंवर वाकणबल येते व ते तुटतात.

पायटे व मधला आस : उतरताना स्वार दोन्ही पाय समपातळीत ठेवून उभा असतो. तेव्हा पुढचा पायटा आसाला एका दिशेने व मागचा पायटा विरुद्ध दिशेने पिळतो. त्यामुळे साखळीवर फारसे बल येत नाही. परंतु मधला आस दोन्हीकडून पिळला जातो. वर दिलेले ७,५०० न्यूटन बल दोन पायांत सारखे विभागले व पायट्याची लांबी १७५ मिमी. धरली, तर प्रत्येक बाजूस सु. ६५० न्यूटन-मीटर पीळ येतो. काळ्या सायकलीत पायटा आसाला कॉटर पिनेने बसविलेला असतो. हा सर्व पीळ त्या लहान पिनेच्या सपाट बाजूवर येत असल्याने ती दबते व पायट्यात खेळ उत्पन्न होतो. अखंड सळई वाकवून केलेले पायटे मुलांच्या सायकलींत स्वस्त पडतात. मात्र ते आघाताने वाकतात. कसरतीसाठी नळीचे पोलादी पायटे व १९ किंवा २२ मिमी. व्यासाचा, परिघावर पुष्कळ बारीक खाचा असलेला आस अशी तीन भागांची रचना घ्यावी. खाचा अनेक असल्याने पीळ सर्व परिघावर विभागला जातो.

सांगाड्याच्या मधल्या नळीची मापे विविध आहेत. अमेरिकन पद्धतीत तिचा अंतर्व्यास सु. ५१ मिमी., ‘मिड’ पद्धतीत सु. ४१ मिमी. व स्पॅनिश पद्धतीत सु. ३७ मिमी. असतो. सांगाडा घेताना हे माप पाहून ठेवावे. अन्यथा पुढे धारवे मिळण्यास अडचण होते. बंदिस्त धारव्यांच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. प्रमाण मापाचा धारवा असल्यास तो सायकलीच्या दुकानात न मिळाला, तरी पुण्यासारख्या औद्योगिक शहरात यंत्रसामग्रीच्या दुकानात त्या क्रमांकावरून मिळू शकतो. सुट्या छऱ्यांच्या कटोऱ्या स्वस्त व दुरुस्तीस सोप्या असतात. परंतु आघाताने कटोरीत खळगे पडतात.

दंतचक्रे व साखळी : पूर्वी पुढे ४४ व मागे १६ दात असत. आता २५ व ९ दात रूढ आहेत. गुणोत्तर जवळजवळ तेच (२·७५ व २·७८) राहते; परंतु लहान दंतचक्र चौथऱ्यांच्या कडांवर आपटत नाही. या सोयीची किंमत साखळी मोजते. पायट्यावरील बल तेवढेच असताना पुढील चक्राची त्रिज्या घटल्याने साखळीवरील ताण सु. पावणेदोन पट होतो. म्हणून लहान दंतचक्राबरोबर जाड दुव्यांची व घट्ट बसलेल्या पिनांची साखळीच वापरावी. नव्या साखळीच्या १२ पूर्ण दुव्यांची लांबी ३०४·८ मिमी. असते. ती ३०७ मिमी.पर्यंत वाढली की साखळी बदलावी; अन्यथा तिच्यामुळे चक्रांचे दातही झिजतात.

चाके : २० इंची चाकाच्या नावाखाली टायर बसण्याच्या जागेचे भिन्न व्यास आढळतात. बीएमएक्स सायकलीस हा व्यास सामान्यतः ४०६ मिमी. असतो व टायरच्या कडेवर तो छापलेला असतो. धाव, म्हणजे रिम, दुहेरी भिंतीची असावी. तीत दोन भिंतींमधील पोकळीमुळे पेटीसारखा छेद तयार होतो व एकेरी भिंतीच्या धावेपेक्षा ती दबण्यास अधिक विरोध करते. आरे ३६ असावेत. आरे सामान्यतः २ मिमी. जाडीचे असतात व ते तुंब्यापाशी, वाकलेल्या कोपरावर तुटतात. आरा फार आवळल्याने तुटतो, हा समज बहुधा चुकीचा असतो. चाकावर भार येताच खालच्या आऱ्यांचा ताण कमी होतो. आरे मुळातच सैल असतील, तर प्रत्येक फेऱ्यात ते पूर्ण ढिले पडून पुन्हा ताणले जातात व शिणवट्याने तुटतात. म्हणून नव्या चाकाचा सुरुवातीच्या काही दिवसांच्या वापरानंतर जाणत्या कारागिराकडून आउट काढून घ्यावा व सर्व आऱ्यांचा ताण सारखा करून घ्यावा. सायकलीच्या सर्व भागांत चाक हाच असा भाग आहे, की ज्याचे आयुष्य त्याच्या किंमतीपेक्षा ते बांधणाऱ्याच्या हातावर अधिक अवलंबून असते.

मागील आस १४ मिमी. व्यासाचा व उष्णतासंस्कारित पोलादाचा असावा. भरीव आसाचे वाकणबल व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने १४ मिमी.चा आस सु. ९·५ मिमी.च्या नेहमीच्या आसापेक्षा तिपटीहून अधिक बळकट असतो. दांड्यांवरून घसरण्यासाठी आसाच्या टोकांना आखूड नळकांडी लावावयाची असल्यास ही गरज अधिकच वाढते, कारण तेव्हा स्वाराचे वजन चाकाबाहेरील टोकावर येते. टायर ५५ ते ६० मिमी. रुंदीचे असावेत. त्यांत हवा कडेवर छापलेल्या मर्यादेत, परंतु भरपूर भरावी. कमी हवेचा टायर धावेचे रक्षण करू शकत नाही.

इतर भाग : पायडल, बैठक, बैठकीची दांडी व मुठी यांची निवड सोय व किंमत पाहून करता येते. कणखर प्लॅस्टिकची पायडले स्वस्त व हलकी असतात, आपटल्यास वाकत नाहीत व पोटरीला इजाही कमी करतात. मात्र त्यांचे आस मिश्रपोलादाचे असावेत. डाव्या पायडलाचे आटे उलट असतात, हे न जाणता बळाने आवळल्यास पायट्याचे आटे जातात व चांगला पायटा निकामी होतो. कसरतपटूंमध्ये ब्रेक काढून टाकण्याची प्रथा आहे. गर्दीच्या रस्त्यावरून ये-जा करणाऱ्या सायकलीस किमान मागील ब्रेक तरी ठेवलाच पाहिजे.

मानके : आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे ‘४२१०’ हे सायकलींच्या सुरक्षिततेविषयीचे मानक शहरी, गिर्यारोही, शर्यतीच्या इ. सायकलींना लागू आहे. बीएमएक्स व कसरतीच्या सायकली त्याच्या कक्षेतून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. बीएमएक्स सायकलींसाठी ‘१६०५४’ हे वेगळे यूरोपीय मानक (२०१२) आहे. एखाद्या सायकलीवर सामान्य सायकलीच्या मानकाची खूण असली, म्हणून ती उड्यांसाठी तपासलेली आहे असे ठरत नाही. बीएमएक्स सायकलीसारखी दिसणारी, उंच हँडलाची व जाड टायरांची मुलांची सायकल हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. ती शाळेत जाण्यास उत्तम असते. परंतु तिच्यावरून पायऱ्या उतरणे धोक्याचे असते. मुलाला अशी सायकल घेऊन देणाऱ्या पालकांनी हा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

खरेदीचा क्रम : मर्यादित पैशात सर्वच भाग उत्तम घेता येत नाहीत. अशा वेळी भाग मोडल्यास काय घडेल, या कसोटीवर क्रम लावावा. चिमटा, हँडल, त्याची पकड व पायटे हे मोडताच स्वार पडतो, म्हणून त्यांचा क्रम पहिला. सांगाडा व मागील चाक यांचा दुसरा. त्यांत बहुधा आधी वाकणे, आवाज किंवा तडा यांची सूचना मिळते. दंतचक्र, साखळी व धारवे यांचा तिसरा आणि बैठक, मुठी, रंग व शोभेच्या वस्तू यांचा शेवटचा. बाजारात पुष्कळदा याच्या उलट क्रमाने गिऱ्हाइकाचे लक्ष वेधले जाते.

जुन्या बाजारासारख्या ठिकाणी किंवा ओळखीतून मिळणारे वापरलेले भाग घेतानाही हीच कसोटी लावावी. तुंबा, दंतचक्र, बैठकीची दांडी यांची झीज डोळ्यांना दिसते. ते तपासून घेण्यास हरकत नाही. चिमटा, हँडल व ॲल्युमिनियमची पकड यांनी किती आघात सोसले हे बाहेरून कळत नाही, म्हणून ते वापरलेले घेऊ नयेत.

तपासणी, निगा व दुरुस्ती : आठवड्यातून एकदा सायकल पुसून वर सांगितलेल्या जोडांची पाहणी करावी. रंगावर केसासारखी रेघ, सुरकुती किंवा गंजाची बारीक रेषा दिसल्यास ती तड्याची खूण समजावी. नवीन करकर आवाज दुर्लक्षू नये. पावसात भिजल्यावर सायकल उलटी करून बैठकीच्या नळीतून शिरलेले पाणी काढावे, अन्यथा ते मधल्या आसापाशी साठून नळी आतून गंजते. पावसाळ्यापूर्वी नळ्यांत आतून थोडे तेल फिरवावे व पावसाळ्यानंतर सर्व धारवे साफ करून नवे वंगण भरावे. कोरड्या दिवसांत साखळीवर तेल थोडेच घालून वरचे पुसून टाकावे, कारण तेलात बसलेली खडीची धूळ कानशीप्रमाणे धातू घासते.

काळ्या सायकलीचा सांगाडा जोडतुकड्यांत नळ्या बसवून पितळेने झाळलेला असतो व मोडल्यास कुशल कारागीर तो पुन्हा झाळून देतो. मिश्रपोलादाच्या पातळ नळ्यांची गोष्ट वेगळी आहे. योग्य पूरक सळई न वापरता व थंड होण्याच्या गतीवर नियंत्रण न ठेवता केलेल्या वितळजोडाशेजारी धातू ठिसूळ होतो व भाग त्याच जागी पुन्हा तुटतो. सांगाड्याच्या मागील नळीची दुरुस्ती तज्ज्ञाकडून करून घेता येईल; पण तडा गेलेला किंवा वाकलेला चिमटा, हँडल व पायटा यांची दुरुस्ती न करता ते टाकून द्यावेत. विकत किंवा कोणाला देण्याआधी ते कापून निरुपयोगी करावेत, म्हणजे त्यांचा धोका दुसऱ्याच्या माथी जाणार नाही.

चांगल्यात चांगले भागही पडण्यापासून वाचवू शकत नाहीत. म्हणून शिरस्त्राण व गुडघ्या-कोपरांची संरक्षक आवरणे ही साधनसामग्रीचाच भाग मानावीत आणि त्यांचा खर्च आरंभीच धरावा. जोराचा आघात सोसलेले शिरस्त्राण वरून सुस्थितीत दिसले, तरी बदलावे. कसरतींसाठी रहदारीपासून दूर, मोकळी जागा निवडावी. देवस्थानांच्या पायऱ्या, नदीकाठचे जुने घाट व वारसावास्तू यांच्या दगडी कडा धातूच्या घर्षणाने कायमच्या झिजतात व तेथे पादचाऱ्यांनाही धोका संभवतो. त्यामुळे त्या जागा वर्ज्य मानणे इष्ट होय.